जुनेर, वाकळ, घोंगडी : वस्त्रस्पर्शाचा शब्देतिहास

वस्त्रांचा इतिहास लिहिताना आपले अभ्यासक प्रायः डोळ्यांवर विसंबतात. शिल्पे, भित्तिचित्रे आणि दप्तरांतील पोशाखांच्या याद्या यांवरून रंग, काठ, पदर व नेसण्याच्या तऱ्हा कळतात. परंतु ते वस्त्र अंगाला कसे लागत होते, हे कोणतेही चित्र सांगत नाही. त्वचेच्या या इतिहासाचे एक साधन मात्र आपल्याजवळ आहे, आणि ते म्हणजे भाषा. वैभववाडीसारख्या डोंगरपायथ्याच्या मुलखात वस्त्रांना जी नावे चालत आली, त्यांच्या आधारे हा इतिहास काही अंशी जुळविता येतो काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वैभववाडी हा सिंधुदुर्ग जिल्ह्याचा सह्याद्रीलगतचा तालुका. येथून करूळ व भुईबावडा हे घाट गगनबावड्याकडे चढतात आणि तेथून वाट कोल्हापूरकडे जाते. या भूमीत भात आणि नाचणी पिकते. पण अतिवृष्टीमुळे कापसाची शेती होत नाही, आणि देशावरच्या कोरड्या हवेतील मेंढीलाही येथला पावसाळा मानवत नाही. म्हणजे वस्त्र येथे बाहेरूनच यावयाचे : लोकरीचे घाटावरून, आणि सुती बंदरांवरून व पुढे मुंबईहून. जी वस्तू घरी पिकत नाही ती मनुष्य शेवटच्या धाग्यापर्यंत वापरतो. या वापराची एकेक पायरी मराठीने शब्दांत नोंदवून ठेवली आहे.

नवे कापड ते 'कोरे'. त्यात खळ असते, ते ताठ असते व अंगाला बोचते. ते प्रथम अंगावर घालणे म्हणजे त्याची 'घडी मोडणे'. नेसून, धुऊन, उन्हात वाळवून लुगडे विरत आले की त्याचे 'जुनेर' होते. 'जुना' हा शब्द संस्कृत 'जूर्ण', प्राकृत 'जुण्ण' या मार्गाने आला आहे. परंतु 'जुनेर' या शब्दाला 'लक्तर' या शब्दासारखा तिरस्काराचा वास नाही. जुनेर म्हणजे अद्याप कामाचे, किंबहुना आता कुठे खऱ्या कामास आलेले वस्त्र. त्यातून तान्ह्या मुलासाठी 'बाळोती' फाडावयाची, दोन पदरी 'दुपटे' शिवावयाचे, आणि अनेक जुनेरांचे थर एकावर एक घालून 'वाकळ' अथवा 'गोधडी' करावयाची. 'वाकळ' या शब्दाचा संबंध 'वल्कल' या शब्दाशी लावला जातो. पुढे त्याचेच 'फडके', मग सारवणाचे 'पोतेरे', आणि उरलेल्या चिंधीचा पीळ देऊन तेलात भिजविलेला 'काकडा'. शेवटी राख.

या नामावळीत दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली अशी की, यांपैकी एकही नाव कापडाच्या जातीवरून पडलेले नाही. ती सर्व अवस्थेची अथवा कामाची नावे आहेत. दुसरी अधिक महत्त्वाची. या क्रमात कापडाची शक्ती उतरत जाते, पण मऊपणा वाढत जातो; आणि घरातील सर्वांत कोवळ्या त्वचेला घरातील अत्यंत जुने सूत दिले जाते. यामागे केवळ काटकसर नव्हती. वारंवार धुतलेल्या सुतातील खळ निघून जाते, पीळ सैलावतो, आणि ते पाणी लवकर शोषते. मऊपणा हा विकत घ्यावयाचा गुण नसून वापराने उत्पन्न होणारा गुण आहे, असा सिद्धांतच या शब्दांत गृहीत धरलेला आहे.

घोंगडीची कथा याहून निराळी आहे. धनगरांनी कातरलेली लोकर, सणगरांचा माग आणि चिंचोक्याची खळ यांतून ती सिद्ध होते. दख्खनी मेंढीची लोकर जाड असते. आणि सुमारे ३० मायक्रॉनहून जाड तंतूंची टोके त्वचेला टोचतात, असे आधुनिक वस्त्रविज्ञान सांगते. म्हणून घोंगडी ही बहुधा उघड्या अंगाला लावावयाची नव्हे, तर पांघरावयाची, अंथरावयाची अथवा पावसात 'खोळ' करून डोक्यावरून घ्यावयाची. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ शोषूनही ओली भासत नाही. शेतात वाकून लावणी करणाऱ्याला हा गुण उपकारक ठरला. या कामी कोकणात तिच्या जोडीला बांबूच्या कामट्यांचे आणि पानांचे 'इरले' होते. टोचणाऱ्या वस्तूचा त्याग न करता तिला शरीरापासून योग्य अंतरावर ठेवणे, ही येथली रीत होय.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाऊन थांबणे इतिहासाला शोभणार नाही. 'तलम' आणि 'जाडेभरडे' हे शब्द स्पर्शाचे असले तरी ते वर्गाचेही होते. कोणाच्या अंगाला काय लागावे, हे पुष्कळदा त्या अंगाला विचारून ठरत नसे. सोवळ्याची 'धाबळी' लोकरीची असावयाची, मग ती टोचो वा न टोचो. आणि विधवेच्या 'आलवणा'त तर तिच्या आवडीनिवडीला स्थानच नव्हते. शिवाय जुनेराचा मऊपणा हा नदीवर व विहिरीवर कपडे आपटणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांतून आलेला होता, हेही विसरता कामा नये.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत सूतगिरणीची स्थापना केली, आणि पुढे गिरणगावात कोकणातील माणसे मोठ्या संख्येने कामास लागली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते जग मोडले. दरम्यान खादीच्या चळवळीने भरड स्पर्शाला नैतिक प्रतिष्ठा दिली. वैभववाडीच्या शेजारी कणकवलीस आप्पासाहेब पटवर्धनांनी १९४८ मध्ये स्थापिलेला गोपुरी आश्रम हा त्याच परंपरेतला. परंतु गिरणीचे असो वा चरख्याचे, सूत हे सूतच होते. त्यामुळे नावांची साखळी अखंड राहिली.

ती तुटली कृत्रिम धाग्याने. १९४१ साली इंग्लंडमध्ये शोध लागलेला पॉलिएस्टरचा धागा आपल्याकडे प्रथम टेरिलीन या नावाने परिचित झाला. कोकणच्या पावसाळ्यात चटकन वाळणारे, स्वस्त आणि टिकाऊ कापड लोकांनी आनंदाने स्वीकारले, यात नवल नाही. धुणाऱ्या हातांचे श्रमही त्याने हलके केले. तथापि सर्वसाधारण आर्द्रतेत कापूस सुमारे ८ टक्के ओलावा धरतो, तर पॉलिएस्टर अर्धा टक्काही धरीत नाही. दमट हवेत घाम अंगावरच राहतो. ते धुऊन मऊ होत नाही; त्याचे बाळोते शोषत नाही; त्याचा काकडा जळण्याऐवजी वितळतो. त्याच्याही गोधड्या शिवल्या जातात खऱ्या, पण पॉलिएस्टरच्या साडीचे जुनेर होत नाही, ती केवळ जुनी होते. शेवटी तिची राख वा माती न होता बारीक तंतू होऊन ते पाण्यात उतरतात.

हा विषय आज केवळ पुराणवस्तूंचा राहिलेला नाही. अमेरिकेतील जीन एअर्स यांनी १९७२ च्या आपल्या ग्रंथात संवेदनांचे एकत्रीकरण आणि शिकण्यातील अडचणी यांचा संबंध मांडला. २०१३ पासून संवेदनांना मिळणारा अतितीव्र अथवा अतिमंद प्रतिसाद हा स्वमग्नतेच्या निदानाच्या निकषांत गणला जातो. आणि भारताच्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात स्वमग्नतेचा समावेश झाला. अशा पुष्कळ मुलांना गळ्यामागची चिठ्ठी, काखेतील शिवण किंवा गणवेशाचे कृत्रिम कापड असह्य होते. सैल, धुऊन मऊ केलेले, कमी शिवणीचे सुती वस्त्र घालावे, असा जो सल्ला आता दिला जातो, त्यातील बहुतेक गोष्टी जुनेराच्या घरात सहज उपलब्ध होत्या. परंतु मूल 'टोचते' म्हणून रडले तर त्याला हट्टी ठरविण्याची प्रवृत्तीही त्याच घरात होती. जुन्या व्यवस्थेतून घ्यावयाचे ते तिचे ज्ञान. तिची सक्ती नव्हे.

या दृष्टीने एक काम आपल्या विभागांनी हाती घेण्याजोगे आहे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या आवृत्तीपासून दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशापर्यंत वस्त्रवाचक शब्द विखुरलेले आहेत. पण बोचणे, टोचणे, खुपणे, खाजणे, चिकटणे यांतील सूक्ष्म भेद कोणत्या कापडाच्या संदर्भात कोण करतो, हे बोलीतूनच कळावयाचे. वैभववाडी, कणकवली आणि घाटमाथ्यावर गगनबावडा येथे ज्यांनी स्वतः वाकळी शिवल्या अशा वृद्ध स्त्रिया आज हयात आहेत. त्यांच्याकडून हे शब्द वापरासह टिपून घेतले, तर बोलीच्या अभ्यासाला सामग्री मिळेल. आणि ज्या मुलाला आपला त्रास सांगता येत नाही त्याच्या पालकांना व शिक्षकांना तो ओळखण्यासाठी मराठी शब्द मिळतील.