नागोयाचा बँजो, घाटकोपरची गल्ली

गेल्या वर्षी गणपतीच्या सुट्टीनंतर नववीच्या वर्गात एका मुलाने विचारलं, "सर, बँजो हिंदूंचं वाद्य आहे ना?" मी उर्दूचा तास घेत होतो, प्रश्न भलताच होता. पण मला माझे मामू आठवले आणि उत्तर लगेच देता आलं नाही.

मामू असल्फाच्या डोंगरावर राहायचे. दिवसा वेल्डिंग, रात्री कव्वाली पार्टीत बँजो. उर्सचे, शादीचे कार्यक्रम असायचे, आणि भाद्रपद लागला की तोच बँजो मंडळाच्या हातगाडीवर चढायचा. मामूंना त्यात काही वेगळं वाटल्याचं आम्ही कधी पाहिलं नाही. पुढे वर्गणीची पावती, मागे स्पीकर, आणि मध्ये मामू, तोंडात पान.

तर हे वाद्य कुणाचं? ते जपानचं. नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने 1912 साली दोन तारांच्या जुन्या जपानी वाद्याला टाइपरायटरसारखी बटणं बसवली. तो तैशो राजवटीचा पहिलाच काळ होता, म्हणून वाद्याचं नाव पडलं 'तैशोगोतो'. डाव्या हाताने बटण दाबायचं, उजव्या हाताने तार छेडायची. सतार-सरोदसारखी बोटं वर्षानुवर्षं घासावी लागत नाहीत, बटण दाबलं की सूर जागच्या जागी. गरिबाघरच्या मुलाला रियाजाची सवड कुठे असते! म्हणूनच ते आपल्याकडे रुजलं असणार. इथे ते झालं बुलबुल तरंग, बलुचिस्तानात बेंजू, मुंबईत बँजो. अमेरिकेतल्या चामड्याने मढवलेल्या बँजोशी त्याचं काही नातं नाही, नावाचा नुसता घोळ.

मुंबईच्या कारागिरांनी त्यात एक मोठा बदल केला: तारांखाली पिकअप बसवला. लोहचुंबकाभोवती बारीक तांब्याची तार गुंडाळलेली असते. वर पोलादी तार थरथरली की त्यात वीज उपजते आणि ती अ‍ॅम्प्लिफायरकडे जाते. इलेक्ट्रिक गिटारचंही हेच तत्त्व. वाद्य बैठकीतून रस्त्यावर आलं ते या छोट्याशा गुंडाळीमुळे. नाहीतर ढोलकी आणि ताशासमोर दोन तारांचा आवाज ऐकतो कोण?

गंमत अशी, की इबानेझ गिटारवाली होशिनो गाक्की कंपनीही नागोयाचीच. 1970 च्या दशकात जपानी कारखाने अमेरिकन गिटारींच्या इतक्या हुबेहूब नकला करू लागले की 1977 मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर दावा ठोकला. गिटारच्या माथ्याचा आकार उचलला, ही तक्रार. कोर्टाबाहेर तडजोड झाली, जपान्यांनी आकार त्याआधीच बदलला होता. आणि आज शौकीन लोक त्याच जुन्या जपानी गिटारी धुंडाळतात, क्रमांक तपासतात, लाकडाची रेघ न् रेघ पाहतात. अंधेरीतला माझा एक मित्र तशी एक गिटार मखमलीत गुंडाळून ठेवतो. नक्कल म्हणून हिणवलेली वस्तू मुळापेक्षा चांगली बनली होती, हे आता लोक मान्य करतात.

आपल्या बँजोच्या वाट्याला ती कदर आली नाही. खरं तर आपणही जपानी वस्तू घेऊन ती बदलली, आणि आपली चांगलीच वेगळी बनली. पण तिला जपणारा शौकीन नाही. 2016 साली रवी जाधवांनी 'बँजो' नावाचा हिंदी सिनेमा काढला, रितेश देशमुख त्यात बँजोवाला. तेवढ्यापुरती चर्चा झाली. गल्लीत मात्र डीजे आले, कीबोर्ड आले. उर्समध्येही आता मोठे स्पीकर चालतात.

मामूंचा बँजो आमच्या पोटमाळ्यावर आहे. मागच्या रविवारी खाली काढला. तीन बटणं अडकतात, पिकअपची तार तुटलेली, बाजूला 'जय हनुमान मित्र मंडळ' लिहिलेला चिकटपट्टीचा तुकडा आणि खाली उर्दूत मामूंचं नाव, त्यांच्याच वळणदार अक्षरात.

सोमवारी मी तो वर्गात नेला. त्या मुलाने नाव वाचलं, मग चिकटपट्टी वाचली, आणि विचारलं, "सर, हा दुरुस्त होईल का?"

साकीनाक्याला एक जुना मेकॅनिक आहे. पुढच्या शनिवारी आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत.