टाकीतली कॉफी आणि कढईतली कॉफी

गेल्या गणेशोत्सवाच्या कार्यक्रमानंतर भांडी आवरण्याचे काम आमच्याकडे होते. सभागृहाची वेळ संपत आलेली, बाहेर पाऊस, आणि सगळे सामान गाडीत भरायचे बाकी. चहाची टाकी तळापर्यंत रिकामी झाली होती. कॉफीची मात्र अर्धीअधिक तशीच. ती सिंकमध्ये ओतत असताना एक ज्येष्ठ सभासद शेजारी येऊन म्हणाले, "अहो, या देशातली कॉफी अशीच. पाणचट तरी, नाहीतर कडू तरी." आमची कॉफी एकाच वेळी पाणचटही होती आणि कडूही. हे कसे काय साधते, असा प्रश्न रसायनशास्त्रावर पोट भरणाऱ्या आम्हांला पडणे साहजिक होते. उत्तर शोधता शोधता आम्ही इतिहासात शिरलो आणि निघाले ते असे, की या देशात एके काळी घरोघर कॉफी भाजली जात असे. ती कला एका पिढीत गेली. पुढे ज्यांनी चव परत आणली, त्यांतले बरेच जण आपल्यासारखेच बाहेरून आलेले होते. हा इतिहास आपल्या वाचकांना सांगावा, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच.

कॉफीचे झाड मूळचे इथिओपियाचे. तिचे पेय करून पिण्याची चाल यमनमधल्या सुफी साधकांनी पंधराव्या शतकात रुजवली. रात्रीच्या जागरणाला तिचा उपयोग होई. अरबीतल्या 'बुन' शब्दाचाच भाऊ म्हणजे आपला 'बुंद'. जुन्या मराठीत कॉफीच्या बियांना बुंद म्हणत, हे आता आपल्यापैकी थोड्यांनाच आठवत असेल. सतराव्या शतकात बाबा बुदन नावाच्या फकिराने मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. त्या डोंगरांना आजही त्याचेच नाव आहे.

आता आपल्या मॅसॅच्युसेट्सकडे येऊ. १७७३ साली बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या बुडवल्या गेल्या, ही गोष्ट आपली मुले शाळेत शिकतात. त्यानंतर चहा पिणे देशद्रोहाचे ठरले. १७७४ च्या उन्हाळ्यात जॉन अ‍ॅडम्स प्रवासात एका घरी उतरले असता त्यांनी चहा मागितला. यजमानीणबाईंनी, आम्ही चहा सोडला आहे, कॉफी करून देते, असे बजावले. हा प्रसंग त्यांनी स्वतःच पत्नीला पत्रातून कळवला आहे. ती कॉफी कशी होत असेल? त्या काळी दुकानात मिळत त्या कच्च्या, हिरवट बिया. त्या घरी आणून लोखंडी तव्यावर किंवा चुलीवर फिरवायच्या डब्यात भाजायच्या, हाताच्या जात्यात दळायच्या आणि उकळायच्या. नव्वद वर्षांनंतरच्या यादवी युद्धातही उत्तरेच्या सैन्याचा शिधा असा होता: शंभर माणशी दिवसाला १० पौंड कच्ची कॉफी, नाहीतर ८ पौंड भाजलेली. हा हिशोब वाचून आम्हांला फार आनंद झाला. भाजताना बीमधले पाणी आणि वायू निघून जातात, वजन १५ ते २० टक्क्यांनी घटते. कोठारातल्या कारकुनालाही हे ठाऊक होते, कारण ते त्याच्या घरी रोज घडत होते.

मग पाकीट आले. १८६४ साली न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्स यांनी भट्टीवरून न उतरवता आपोआप रिकामा होणारा भाजणीचा पिंप पेटंट केला. पाठोपाठ पिट्सबर्गच्या आर्बकल बंधूंनी भाजलेली कॉफी एक-एक पौंडाच्या कागदी पाकिटात विकायला काढली. ती लवकर शिळी होऊ नये म्हणून दाण्यांवर साखर आणि अंड्याचा थर देण्याचे पेटंट त्यांनी १८६८ साली घेतले. १८७३ पासून त्यांचा 'अरिओसा' छाप पश्चिमेकडे इतका खपला, की गुराख्यांच्या बोलीत 'आर्बकल' म्हणजेच कॉफी झाले. बॉस्टनच्या चेस अँड सॅनबॉर्न यांनी बंद डबे आणले, आणि १९०० साली सॅन फ्रान्सिस्कोच्या हिल्स बंधूंनी हवा काढून टाकलेला डबा. तव्याजवळ उभे राहायचे कष्ट वाचले, धूर वाचला. याबद्दल कोणाला दोष द्यावा असे नाही. पण भाजलेल्या कॉफीचा सुगंध हवेतल्या ऑक्सिजनपुढे काही आठवडेच टिकतो. कच्ची बी महिनोन्‌महिने राहते. म्हणजे टिकाऊ वस्तू घरातून गेली, नाशिवंत वस्तू आली, आणि ती ताजी कशी लागते हे सांगणारे माणूस हळूहळू उरले नाही.

भाजण्याचे असे झाले, तर करण्याचे काय? इथे आपल्या राज्याचे दोन सुपुत्र समोरासमोर उभे राहतात. पहिले वूबर्नमध्ये १७५३ साली जन्मलेले बेंजामिन थॉम्प्सन, म्हणजेच काउंट रम्फर्ड. तोफांना भोके पाडताना निघणाऱ्या उष्णतेवरून उष्णता म्हणजे गती, असे त्यांनी १७९८ साली मांडले. आमच्या शास्त्राचे जनक लाव्हाझिए यांच्या विधवेशी त्यांनी पुढे लग्न केले, हा आणखी एक धागा. या गृहस्थांनी १८१२ साली कॉफीवर एक सविस्तर निबंध लिहिला. त्यात त्यांचे सांगणे असे, की कॉफी उकळू नये. उकळली की सुगंध वाफेबरोबर जातो. गरम पाणी दाबून बसवलेल्या पुडीतून सावकाश खाली झिरपू द्यावे आणि भांड्याभोवती गरम पाण्याचे वेष्टन ठेवून ते निवू देऊ नये.

दुसरे सुपुत्र फ्रँकलिनचे जेम्स नेसन. त्यांनी १८६५ साली पर्कोलेटरचे पेटंट घेतले. पुढे घरोघर पोचलेल्या पर्कोलेटरमध्ये तळाचे पाणी उकळते, नळीतून वर उसळते, पुडीवर पडते आणि झिरपून परत त्याच उकळत्या पाण्यात मिसळते. म्हणजे झालेली कॉफीच पुन्हा पुन्हा उकळून पुडीवर ओतली जाते. रम्फर्डनी जे करू नका म्हटले, नेमके तेच. घर कॉफीच्या वासाने भरून जाते, आणि तोच वास कपातून वजा झालेला असतो. आपल्या मंडळाची टाकी म्हणजे हाच पर्कोलेटर, फक्त मोठा.

पाणचट आणि कडू यांचे कोडे १९५० च्या दशकात एमआयटीचे प्राध्यापक अर्नेस्ट लॉकहार्ट यांच्या कामातून सुटते. भाजलेल्या बीचा साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. पण चव चांगली लागते ती बीचा १८ ते २२ टक्के भागच काढला तर. कमी काढला तर आंबूस, जास्त काढला तर कडवट. कॉफी दाट की पातळ, हा मुद्दा वेगळा: तो पुडीच्या आणि पाण्याच्या प्रमाणाचा. आपण काटकसर म्हणून पुडी कमी घातली आणि तिचा जीव जाईपर्यंत तास-दीड तास उकळली. त्यामुळे पातळही झाली आणि कडूही. काटकसरीचा नियम इथे उलटा आहे: पुडी पुरेशी घ्यावी आणि तिच्यातले थोडे सोडून द्यावे.

रम्फर्डचा धागा पुढे युरोपातल्या घरांनी चालवला. ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीला कॉफीतला गाळ आणि कडवटपणा नकोसा झाला होता. १९०८ साली तिने पितळी भांड्याच्या तळाला खिळ्याने भोके पाडली आणि मुलाच्या वहीतला टीपकागद कापून आत बसवला. कागदी गाळणी ती हीच. इटलीत १९३३ साली अल्फोन्सो बियालेत्ती यांचे ॲल्युमिनियमचे अठपैलू मोका भांडे आले. त्यात वाफेचा दाब पाणी पुडीतून एकदाच वर ढकलतो. या भांड्यावर घराण्याचा इतका जीव, की २०१६ साली त्यांचे चिरंजीव रेनातो वारले तेव्हा त्यांच्या अस्थी तशाच आकाराच्या कलशात ठेवल्या गेल्या.

आणि तिसरे आमचे व्यवसायबंधू. पीटर श्लुमबोम हे बर्लिन विद्यापीठाचे रसायनशास्त्रातले डॉक्टर. जर्मनी सोडून न्यूयॉर्कला आले. प्रयोगशाळेत रोज हाताळायची दोन भांडी, शंकुपात्र आणि नरसाळे, त्यांनी एकमेकांत मिसळली, गळ्याला लाकडी कॉलर आणि चामड्याची वादी बांधली, आणि १९४१ साली 'केमेक्स' बाजारात आणले. युद्धामुळे धातूची टंचाई होती. काचेच्या भांड्याला तिची झळ नव्हती. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात ते भांडे जपलेले आहे. डॉक्टरेट कशासाठी करावी, असे विचारणाऱ्या नातेवाइकांना आम्ही हल्ली हे उदाहरण देतो.

बीची चव परत आणणारे गृहस्थही बाहेरचेच. आल्फ्रेड पीट हॉलंडमधल्या अल्कमारचे. वडिलांचा कॉफी भाजण्याचा धंदा. १९५५ साली ते अमेरिकेत आले, इथली कॉफी त्यांच्या घशाखाली उतरेना, आणि १९६६ साली त्यांनी बर्कलीत स्वतः भाजून विकायला सुरुवात केली. १९७१ साली सिअ‍ॅटलमध्ये स्टारबक्स निघाले, तेव्हा पहिल्या वर्षी त्यांचा माल पीट यांच्याच भट्टीतला होता. बर्कलीच्या त्या चवीला सरावलेले जॉर्ज हॉवेल १९७४ साली बॉस्टनला आले, इथे तशी कॉफी मिळेना, म्हणून १९७५ साली त्यांनी हार्वर्ड स्क्वेअरला 'कॉफी कनेक्शन' काढले. त्याच सुमारास, १९७२ साली, 'मिस्टर कॉफी' हे विजेवर चालणारे गाळणीयंत्र आले आणि घरांतले पर्कोलेटर माळ्यावर गेले. सभागृहांतले मात्र राहिले.

घरी भाजण्याची चाल परतली ती मक्याच्या लाह्यांच्या वाटेने. ओरेगनचे रासायनिक अभियंते मायकेल सिवेट्झ यांनी १९७० च्या दशकात गरम हवेच्या झोतावर दाणे उडवत भाजण्याचे यंत्र केले. त्याच दशकाच्या अखेरीस लाह्या फोडणारी गरम हवेची घरगुती यंत्रेही बाजारात आली, आणि हौशी लोकांनी हे साम्य बरोबर हेरले. १९९६ साली केनेथ डेव्हिड्स यांचे घरी कॉफी भाजण्यावरचे पुस्तक निघाले; १९९७ साली ओहायोतल्या कोलंबसमध्ये 'स्वीट मारियाज' हे कच्च्या बिया विकणारे दुकान सुरू झाले. कोणी असे यंत्र घेणार असेल तर एक सूचना: हवा आतल्या बाजूंच्या खाचांतून येणारेच घ्यावे. तळाला जाळी असलेल्या यंत्रात टरफले अडकून पेट घेण्याची भीती असते.

आम्ही मात्र कढईपासून सुरुवात केली. हाताशी थर्मामीटर, घड्याळ आणि आलेखाचा कागद. पुस्तकी ज्ञान पक्के होते: २०० अंश सेल्सिअसच्या आसपास दाणे पहिल्यांदा तडतडतात, २२५ च्या सुमारास दुसऱ्यांदा. आच मोठी ठेवली, स्मोक अलार्म वाजला, शेजारी जिन्यात जमले आणि दाणे कोळसा झाले. दुसऱ्या खेपेला देशातून सहा महिन्यांसाठी आलेल्या एका मित्राच्या आई घरी होत्या. "ही कसली डाळ?" त्यांनी विचारले. आमच्या आधीच्या घाण्यातला एक दाणा दाताखाली फोडून त्या म्हणाल्या, "वरून करपलंय, आत कच्चंच आहे. आच कमी कर आणि हात थांबवू नकोस." जन्मभर चकलीची भाजणी केलेला तो हात. थर्मामीटरकडे त्यांनी पाहिलेही नाही. गवताचा वास गेला, पावासारखा वास आला, दाणे तडतडले, तशी त्यांनी कढई उतरवली. परातीत ओतून मंडळाच्या मागच्या अंकाने वारा घातला; टरफले उडाली. दाणे एक दिवस तसेच मुरू दिले, कारण ताज्या भाजलेल्या बीतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो. मग दळून, गाळून, दूध आणि चिमूटभर जायफळ घालून ती कॉफी प्यायलो. आपली टाकी कोणी का रिकामी करीत नाही, ते तेव्हा कळले.

त्यांच्या सुनेने सहज सांगितले, की तिच्याकडे चकलीची भाजणी पाकिटातली येते. आमच्याकडेही तीच येते. त्यात कमीपणा काही नाही. नोकऱ्या सांभाळून कोण किती भाजत बसणार? पण आर्बकलचे पाकीट आले तेव्हा इथल्या घरांनीही हाच विचार केला होता, आणि तो हात परत मिळवायला त्यांना शंभर वर्षे लागली. घरी आई-सासूबाई आलेल्या असतील तर या उन्हाळ्यात एकदा तरी त्यांच्या शेजारी कढईपाशी उभे राहावे, मुलांनाही उभे करावे. प्रमाण लिहून घेता येते. वास लिहून घेता येत नाही.

आता मंडळापुरते. दीडशे माणसांना प्रत्येकी १५० मिलिलिटर, म्हणजे साडेबावीस लिटर. लिटरला ५५ ग्रॅमप्रमाणे सव्वा किलो पुडी. लाह्यांच्या यंत्रात तेवढी भाजायची तर अठरा-एकोणीस घाणे होतील, तेव्हा भाजलेली बी विकतच घ्यावी. मात्र ती त्याच दिवशी सकाळी दळावी, टाकीत फक्त पाणी तापवावे, आणि कॉफी कागदी गाळणीतून थर्मासमध्ये काढावी. त्यासाठी तीन स्वयंसेवक लागतील. एक आम्ही आहोतच. जायफळ आणि किसणी आमच्याकडून. दुधाचे कार्यकारिणीने ठरवावे.