तेजोकाठचा चौक

लिस्बनच्या तेरेरो दो पासो चौकात तुम्ही उभे आहात. समोर तेजो नदी, खाडीइतकी रुंद. तीन बाजूंना पिवळ्या कमानींच्या इमारती, मधोमध घोड्यावर बसलेला राजा. हे सगळं पुसून टाका. साल १५१५, जूनमधला एक रविवार.

आता नदीकाठी राजा मॅन्युएलचा नवा राजवाडा आहे आणि त्याला लागून ‘कासा दा इंडिया’, हिंदुस्थानच्या व्यापाराची कचेरी. मिऱ्याच्या वासाने नाक झोंबतं. मलबारच्या मालाचा हिशेब इथेच होतो. पण आज गर्दी लोटली आहे ती झुंज पाहायला, हत्ती विरुद्ध गेंडा. गेंडा गुजरातच्या सुलतान मुझफ्फरशहाने दिलेला, पोर्तुगीज गव्हर्नर आल्बुकेर्कने गोव्याहून जहाजात चढवलेला. पोर्तुगीजांनी आदिलशहाकडून गोवा घेऊन जेमतेम पाच वर्षं झाली आहेत. रोमन काळानंतर युरोपात जिवंत गेंडा कुणी पाहिलेला नाही. तो समोर येताच हत्ती पळ काढतो आणि लोक आरोळ्या ठोकतात. आपल्या किनाऱ्यावरून आलेली संपत्ती आणि जनावरं इथे राजाचा दिमाख वाढवताहेत. त्या गर्दीत हे ओळखणारे तुम्ही एकटेच.

त्याच जागी उभे राहा. १ नोव्हेंबर १७५५, शनिवार, सकाळचे साडेनऊ होऊन गेलेले. आज सर्व संतांचा सण. चर्चं माणसांनी भरली आहेत, प्रत्येक वेदीवर मेणबत्त्या आहेत. जमिनीखालून घरघर येते आणि पायाखालचा दगड सरकतो. हादरे काही मिनिटं थांबतच नाहीत. घंटा आपोआप वाजू लागतात. टेकडीवरच्या कार्मो मठाचं छप्पर प्रार्थनेला बसलेल्यांवर कोसळतं. धुळीने सूर्य झाकतो.

जीव वाचवायला लोक मोकळ्या जागेकडे, म्हणजे इथेच, नदीकाठी धावत येतात. तुम्हालाही तेच सुचेल. पण नदीचं पाणी मागे हटताना दिसलं तर तिथे थांबू नका, वरच्या गल्ल्यांकडे पळा. तासाभरातच समुद्राची भिंत नदीतून वर चढते आणि काठावर जमलेल्यांना ओढून नेते. मग मेणबत्त्यांनी आणि चुलींनी लावलेली आग पाच-सहा दिवस धुमसत राहते. राजवाडा गेला, त्यातला हजारो ग्रंथांचा संग्रह गेला. त्याच वर्षी उघडलेलं ऑपेराचं भव्य नाट्यगृह सात महिन्यांत राख झालं. राजा जोसे शहराबाहेरच्या बेलेंमध्ये होता म्हणून वाचला, पण त्यानंतर त्याने दगडी छपराखाली राहणं सोडलं. आजुदाच्या टेकडीवर लाकडी वाडा बांधून तो तिथेच राहिला.

त्याचा मंत्री, पुढे पोंबालचा मार्किस झालेला सेबास्तियाँव जोसे, मात्र कामाला लागला. गावोगावच्या पाद्र्यांना त्याने प्रश्नावली धाडली: हादरे किती वेळ टिकले, समुद्र आधी चढला की ओसरला, किती माणसं गेली? देवाचा कोप म्हणून हात जोडून बसण्याऐवजी प्रश्न विचारणारा हा माणूस क्रूर होता, तरीही या एका कामासाठी मी त्याला मोठा मानतो. त्याच्या अभियंत्यांनी बायशा पेठ सरळ रेषेत नव्याने आखली. सोनारांचा रस्ता, चांदीवाल्यांचा रस्ता वेगळा. घरांच्या भिंतींत त्यांनी तिरक्या फुल्यांचे लाकडी सांगाडे घातले. नमुन्याभोवती सैनिकांना कवायत करायला लावून तो हादऱ्यात टिकतो का हे तपासलं, असं सांगतात. चौकाच्या मधला घोडेस्वार म्हणजे तोच राजा जोसे, पुतळा १७७५ चा. चौथऱ्याच्या बाजूला वळून पाहा, तिथे दगडी हत्ती आहे.

रोसिओ चौक थोडा आत आहे. काळ्या-पांढऱ्या लाटांची फरशी सुंदर आहे, पण आजच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या जागी इन्क्विझिशनचा वाडा होता. याच धर्मन्यायालयाची शाखा १५६० पासून गोव्यात माणसं छळत होती. इथे क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये.

आता चढ चढून कार्मोला या. २५ एप्रिल १९७४, हुकूमशाहीविरुद्धच्या लष्करी उठावाचा दिवस. मठाच्या कमानी १७५५ पासून आभाळाखाली उघड्याच आहेत. शेजारच्या छावणीत पंतप्रधान मार्सेलो कायतानो कोंडला गेला आहे. बाहेर कॅप्टन साल्गेइरो मायाच्या चिलखती गाड्या आहेत, झाडांवर चढलेली पोरं आहेत, बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशन आहेत. संध्याकाळी कायतानो सत्ता सोडतो. पाठोपाठ लिस्बनजवळच्या कॅशियास तुरुंगातले राजबंदी सुटतात. गोवा मुक्तिलढ्यातले सांगलीचे मोहन रानडे पूर्वी याच तुरुंगात होते. गोवा मुक्त झाल्यावरही पोर्तुगालने त्यांना १९६९ पर्यंत सोडलं नव्हतं.

उठावाच्याच वर्षी, ३१ डिसेंबर १९७४ ला, पोर्तुगालने गोव्यावरचं भारताचं सार्वभौमत्व करार करून मान्य केलं. त्यावर भारतातर्फे सही आहे परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांची.