युद्धकालीन जीप : एक गंजलेले ऐतिहासिक साधन
(ढोकी परिसराच्या निमित्ताने)

इतिहासाची साधने म्हटली की दप्तरे, शकावल्या, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी ह्यांचीच आठवण अभ्यासकास प्रथम होते. ती स्वाभाविकही आहे. कै. राजवाडे ह्यांनी १८९८ पासून जे साधनखंड प्रसिद्ध केले त्यांनी आपल्याकडील संशोधनाला कागदाची शिस्त लावली, आणि ती शिस्त अद्याप टिकून आहे. परंतु विसाव्या शतकाच्या इतिहासाकडे वळताना एक नवीनच जातीचे साधन पुढे येते. ते लोखंडाचे आहे, ते चालत असे, आणि ते गंजते. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी वाहने घराच्या आवारात खोलून, त्यांचा गंज काढून ती पुन्हा चालती करण्याचा उद्योग गेल्या काही दशकांत जगभर रूढ झाला आहे व भारतातही त्याला हौशी माणसे लाभली आहेत. हा उद्योग इतिहासकाराने छंद म्हणून सोडून द्यावा काय, हा ह्या टिपणाचा विषय आहे. माझे मत तसे नाही. पत्र्यावर फिरणारा प्रत्येक लोखंडी ब्रश काही तरी पुरावा पुसत असतो, आणि तो कोणता हे ब्रश धरणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते.

ढोकीचे उदाहरण घेण्यास कारण आहे. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील हे गाव लातूर-बार्शी मार्गावर वसले आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांची गाडी १८९७ मध्ये प्रथम बार्शीस आली आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली. तिच्याच वाटेवरील हे एक स्थानक होय. बार्शी मुंबई प्रांतात आणि येडशी, ढोकी, मुरूड व लातूर ही निजामाच्या राज्यात, अशी ह्या रेल्वेची सरहद्दीवरची स्थिती होती. शेजारीच तेर आहे. फ्लीट ह्यांनी १९०१ मध्ये पेरिप्लसमधील तगर ते हेच, हे सिद्ध केले. तेरच्या शेतांतून निघणाऱ्या मृण्मूर्ती, मणी व नाणी रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी वर्षानुवर्षे स्वतःच्या घरी जमविली आणि त्या संग्रहातूनच आजचे शासकीय संग्रहालय उभे राहिले. घरगुती संग्राहकाची कामगिरी किती मोलाची असू शकते हे ह्या परिसरास निराळे सांगावयास नको. म्हणूनच, अशा परिसरात एखाद्या वाड्याच्या मागे बाभळीखाली रुतलेली युद्धकालीन जीप हाती लागली तर तिच्याशी कसे वागावे, हा प्रश्न येथे विचारणे अप्रस्तुत ठरू नये.

जीपचा जन्म थोडक्यात सांगतो. अमेरिकी सेनेने जुलै १९४० मध्ये १३५ कारखान्यांस हलक्या चौचाकी टेहळणी गाडीसाठी पाचारण केले. बँटम ह्या लहानशा कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी आपला नमुना हजर केला. पाठोपाठ विलिस व फोर्ड ह्यांचे नमुने आले आणि १९४१ मध्ये विलिसचा आराखडा प्रमाण ठरला. एकट्या विलिसकडून पुरेशा गाड्या मिळणार नाहीत म्हणून फोर्डलाही त्याच आराखड्याबरहुकूम गाड्या बनविण्यास सांगण्यात आले. युद्ध संपेपर्यंत दोघांनी मिळून सुमारे ६,४०,००० गाड्या बाहेर काढल्या. पहिल्या गाडीचे नाव ‘एम. बी.’ व दुसरीचे ‘जी. पी. डब्ल्यू.’. दोहोंत चार सिलिंडरांचे, साठ अश्वशक्तीचे, बाजूस झडपा असलेले एकच इंजिन. दोहोंचा चाकांमधील अंतराचा माप ८० इंच. दोहोंचे विद्युत्‌मंडल ६ व्होल्टचे. इतके साम्य असूनही ह्या दोन घराण्यांतील फरक जाणत्यास ओळखता येतो, आणि येथेच खरा रस आहे.

फोर्डने आपल्या बहुतेक सुट्या भागांवर, अगदी बोल्टांच्या माथ्यावरसुद्धा, आपले ‘एफ’ हे अक्षर उमटविले होते. सदोष भाग विलिसच्या माथी मारले जाऊ नयेत वा उलट होऊ नये, हा त्यातील व्यवहार. सांगाड्याच्या पुढील टोकास असलेला आडवा दांडा विलिसच्या गाडीत गोल नळीचा असतो, फोर्डच्या गाडीत तो उलट्या पन्हळीच्या आकाराचा असतो. विलिसने गाडीचा क्रमांक डाव्या दांड्याच्या आतल्या अंगास रिव्हेटांनी पट्टी बसवून दिला. फोर्डने तो सांगाड्याच्या लोखंडावरच ठोकून काढला. सुरुवातीच्या विलिस गाड्यांची पुढची जाळी लोखंडी पट्ट्या जोडून केलेली असे. पुढे फोर्डची पत्र्यातून ठोकलेली जाळी स्वस्त व हलकी ठरून दोन्ही गाड्यांवर आली. मागच्या पत्र्यावर कंपनीचे नाव ठसठशीत उमटविण्याची हौस दोघांनाही होती. १९४२ मध्ये सरकारने ती बंद केली. हस्ताक्षरावरून लेखक ओळखावा, तसे ह्या खुणांवरून कारखाना आणि काळ ओळखता येतो. पण ह्या खुणा गंजाच्या थराखाली असतात. घाईने खरवडले, वाळूचा मारा केला, की ठोकलेला उथळ आकडा बुजतो आणि नळी बदलली की घराणेच बदलते.

आता ही वाहने आपल्या भागात कशी पोहोचली ते पाहू. उसनवार-भाडेपट्टा योजनेखाली अमेरिकी वाहने ब्रिटिश व भारतीय सैन्यास मोठ्या प्रमाणावर मिळाली आणि १९४४ च्या इंफाळ-कोहिमाच्या लढाईत व ब्रह्मदेशाच्या मोहिमेत ती वापरली गेली. त्यांच्या जोडीला कानडी बनावटीचे ट्रक होते. त्याच कानडी चासींवर जमशेदपूरच्या चिलखती पत्र्यांचे कवच चढवून ‘टाटानगर’ ह्या नावाने प्रसिद्ध पावलेल्या गाड्या भारतात तयार झाल्या. युद्ध संपताच हा सारा पसारा नकोसा झाला. शिल्लक मालाची विल्हेवाट लावण्यासाठी सरकारने स्वतंत्र खाते उघडले आणि लिलावांतून जीप, ट्रक, तंबू, पिंपे, दूरध्वनीच्या तारा असे सर्व काही बाजारात आले. मराठीत ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग त्या काळाने ठेवून दिला. खाकी कोट व पाण्याच्या बाटल्या ह्यांच्याबरोबर जीपही ‘डिस्पोजलची’च म्हटली जाई.

ह्या जिल्ह्यास दुसराही एक संबंध आहे. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरी ह्यांच्या अधिपत्याखालील सैन्य सोलापूरहून निघाले ते नळदुर्गावर. बोरी नदीवरील पूल सुरक्षित हाती लागला, त्याच दिवशी तुळजापूरही ताब्यात आले, आणि १७ सप्टेंबरला निजामाने शस्त्र खाली ठेवले. त्या पाच दिवसांत सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरून गेलेले स्टुअर्ट व शर्मन रणगाडे अमेरिकी बनावटीचे, महायुद्धातूनच उरलेले होते. जीप व ट्रकही बव्हंशी त्याच जमान्याचे. लोकांच्या तोंडी मात्र ‘पोलीस ॲक्शनची गाडी’ हे वर्णन फारच सैलपणे वापरले जाते. मुख्य सैन्याचा मार्ग ढोकीवरून जात नव्हता हे ध्यानात ठेवले पाहिजे. एखादी जीप जिल्ह्यात सापडली एवढ्यावरून ती त्या मोहिमेत होती असे मानणे म्हणजे गावातील प्रत्येक जुन्या बुरुजाला यादवकालीन म्हणण्यासारखेच आहे. गाडीवरील लष्करी खुणा, वरच्या दिशेचा बाण असलेला भारतीय सेनेचा क्रमांक, त्याखालील जुन्या रंगात लपलेला दुसरा क्रमांक, ह्यांतून जे निष्पन्न होईल तेवढेच म्हणावे.

माझ्या मते ह्या वाहनांच्या चरित्राचा अधिक महत्त्वाचा भाग युद्धानंतरचा आहे, आणि हौशी दुरुस्तीकार नेमका तोच टाकून देतात. २ ऑक्टोबर १९४५ रोजी स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद ही कंपनी, भागीदार गुलाम महंमद पाकिस्तानात गेल्यावर, १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली आणि मुंबईत माझगाव येथे विलिसच्या जीप जोडू लागली. पुढे येथे तयार झालेल्या उंच बॉनेटच्या जीपमध्ये नवीन इंजिन होते. त्याची आत येणाऱ्या हवेची झडप डोक्यावर असल्याने ते उंचीला जास्त, म्हणून बॉनेट उंच. परंतु सिलिंडराचा व्यास ३ १/८ इंच व दट्ट्याची धाव ४ ३/८ इंच ही जुन्या युद्धकालीन इंजिनाचीच राहिली. ह्या एका तांत्रिक योगायोगाने महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील जुन्या जीपना दीर्घायुष्य दिले, कारण खालच्या भागाचे कित्येक सुटे भाग देशातच मिळू लागले. वरचे इंजिन बदलायचे तर बॉनेट कापून उंचवावे लागे. म्हणून एखाद्या १९४३ च्या गाडीचे बॉनेट वेडेवाकडे उंचविलेले दिसले तर ते विद्रूपीकरण समजू नये. ती त्या गाडीच्या दुसऱ्या आयुष्याची नोंद आहे.

१९५२ मध्ये सुरू झालेल्या समूह विकास योजनेने जीपला खेड्यात एक नवे पद दिले. विकास गटाचा अधिकारी म्हणजे जीपमधून येणारा माणूस, हे समीकरण त्या पिढीच्या मनात पक्के बसले. पुढे जिल्हा परिषदा आल्या, साखर कारखाने आले. ढोकीस तेरणा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. निवडणुकीच्या प्रचारात, उसाच्या फडावर, लग्नाच्या वऱ्हाडात जीप हजर असे. मागच्या हौद्यात लाकडी बाके बसविली गेली, वर लोखंडी पाइपांचा सांगाडा व ताडपत्री आली, ६ व्होल्टची जागा १२ व्होल्टने घेतली, आणि पेट्रोल महागल्यावर कुणी डिझेल इंजिनही चढविले. शिवाय ह्या जिल्ह्याची राजकीय गणना बारा वर्षांत तीनदा बदलली. १९४८ नंतर भारतातील हैदराबाद राज्य, १९५६ मध्ये मुंबई राज्य, १९६० मध्ये महाराष्ट्र. एकाच गाडीच्या क्रमांकपट्टीखाली ह्या तिन्ही राज्यांचे थर सापडणे शक्य आहे. भाषावार प्रांतरचनेचा इतका स्वस्त पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल.

गंजाकडे वळू. युद्धकालीन जीपच्या हौद्याखाली टोपीच्या आकाराच्या पत्र्याच्या लांब पन्हळी असतात आणि त्यांत लाकडाचे तुकडे भरलेले असतात. निर्मात्याने ते बळकटीसाठी घातले. पण लाकूड पाणी धरून ठेवते, आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग शाबूत दिसणारी गाडी उचलताच तळ हाती येतो तो ह्यामुळे. आपल्या भागातील कोरडी हवा पत्र्यास मानवते, पण काळ्या मातीचा चिखल पन्हळीत बसला की वर्षभर ओल टिकते. म्हणून प्रथम करावयाचे काम म्हणजे धुणे नव्हे, तर नोंद: छायाचित्रे, मापे, प्रत्येक बोल्टाची जागा आणि मातीचा नमुनासुद्धा.

इंजिन अडकले असेल तर ठोकाठोक करू नये. स्पार्क प्लग काढून सिलिंडरात रॉकेल व तेल सोडावे, काही दिवस थांबावे आणि मग हँडलने हलके हलके फिरवून पाहावे. लहान भागांसाठी विद्युत्‌विच्छेदनाची पद्धत घरी सहज जमते. प्लास्टिकच्या पिंपात धुण्याच्या सोड्याचे पाणी, बॅटरी चार्जरचे ऋण टोक गंजलेल्या भागास, धन टोक टाकाऊ लोखंडास. गंज सुटतो आणि खालचे निरोगी लोखंड झिजत नाही, त्यामुळे ठोकलेली अक्षरे वाचता येतात. ह्यात हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा काम उघड्यावर करावे. धन टोकास स्टेनलेस पोलाद कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असतो, म्हणून कोरडे घासणे टाळून ओले करून खरवडावे. गावचा मिस्त्री हे सारे शहाणपणाने करतो. त्याला फक्त आधी थांबावयास सांगणे आवश्यक असते.

येथपर्यंत मतभेद नाही. मतभेद आहे तो गाडी कोणत्या अवस्थेस न्यावयाची ह्याबद्दल. रूढ कल असा की १९४४ चा ऑलिव्ह रंग द्यावा, बॉनेटवर पांढरा तारा काढावा, फिलिपाइन्समध्ये तयार होणारा नवा हौदा मागवून बसवावा. (पांढरा तारा ही दोस्त सैन्यांची खूण; पण तिच्याखाली जो क्रमांक रंगविला जातो तो पुष्कळदा चित्रपटातून उचललेला असतो!) अशी गाडी देखणी दिसते, परंतु ती कुठलीच गाडी नसते. तिच्यात उस्मानाबाद नाही, महायुद्धही नाही. एक सर्वसाधारण कल्पना आहे. वास्तूंच्या बाबतीत १९६४ च्या व्हेनिस सनदेने सर्व कालखंडांच्या योगदानाचा आदर करावा, शैलीची एकरूपता हे ध्येय नव्हे, असे सांगितले. ऐतिहासिक वाहनांसाठी २०१२-१३ मध्ये सिद्ध झालेल्या तुरिन सनदेनेही वाहनाच्या वापराच्या इतिहासास तेच स्थान दिले. अहिल्यानगर येथील रणगाडा संग्रहालयाचा (स्थापना १९९४) हेतू सैन्याचा इतिहास दाखविण्याचा असल्याने तेथे लष्करी अवस्था योग्यच आहे. घरगुती दुरुस्तीस ते बंधन नाही.

कायद्याने ह्या प्रश्नास एक अनपेक्षित धार आणली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यान्वये प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुने, खाजगी वापराचे वाहन ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, व क्रमांकात ‘व्ही ए’ ही अक्षरे. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात असावे. चासी, सांगाडा वा इंजिन ह्यांत भरीव बदल झालेला नसावा. अर्थात डिझेल इंजिन चढविलेली, बॉनेट उंचविलेली आपली जीप ह्या व्याख्येत बसणे कठीण. मालकाने नोंदणीसाठी ते इंजिन उतरविले तर कायद्याचे समाधान होते आणि चाळीस वर्षांचा ग्रामीण इतिहास भंगारात जातो. नियमाचा हेतू चांगला आहे; पण ‘मूळ’ म्हणजे कारखान्याच्या दारातील क्षण, हे त्याने गृहीत धरले आहे, आणि ते गृहीत इतिहासाच्या विद्यार्थ्याने मान्य करण्याचे कारण नाही.

व्यवहारात मध्यम मार्ग निघतो. उतरविलेले इंजिन, बाके व क्रमांकपट्ट्या चिठ्ठी लावून जपाव्यात. बॉनेटच्या आतल्या बाजूचा वीतभर भाग न खरवडता ठेवावा, म्हणजे रंगांचे थर पुढे कोणासही मोजता येतील. दुरुस्तीची वही गाडीबरोबर राहावी आणि तीत कोणता भाग जुना, कोणता नवा, हे लिहावे. जुना चालक, मिस्त्री व मालकाचे वारस ह्यांच्या मुलाखती घेण्याचे काम विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे, आणि लवकर घ्यावे. १९६० मध्ये जो वीस वर्षांचा चालक होता त्याने आज ऐंशी केव्हाच ओलांडली आहे.