सात सामुराई आणि आमची साष्टी

परवा नातवाने लॅपटॉपवर अकिरा कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ लावून दिला. १९५४ सालचा, जवळजवळ साडेतीन तासांचा चित्रपट. तरुणपणापासून कौतुक ऐकत आलो होतो. मध्ये दोनदा चहा झाला, एकदा डुलकीही लागली. संपल्यावर नातवाने विचारले, "कसा वाटला, आजोबा?" म्हटले, "खरं सांगू? निराशा झाली."

चित्रपट वाईट आहे असे मुळीच नाही. पावसातली शेवटची लढाई विसरता येणार नाही. तक्रार आहे ती इतिहासाच्या मास्तरची. गोष्ट साधी आहे. दरोडेखोरांना कंटाळलेले शेतकरी पोटभर भाताच्या बोलीवर सात सामुराई गावात आणतात. काळ १५८६ च्या आसपासचा. आता, शेतकऱ्यांची शस्त्रे काढून घेण्याचा हिदेयोशीचा हुकूम निघाला १५८८ साली. म्हणजे काढून घेण्याइतकी शस्त्रे गावोगाव होतीच ना! चित्रपटातले शेतकरी मात्र बहुतेक वेळ रडतात, पाया पडतात आणि थरथरतात.

हे खटकले, कारण योद्ध्यांना बोलावून आणल्याची गोष्ट आमच्या साष्टीतही घडली आहे. आमचे मीरा-भाईंदर याच जुन्या साष्टीत येते. वसई १५३४ मध्ये पोर्तुगीजांकडे गेली, साष्टीही त्यांच्या अमलाखाली आली. धर्मावरून होणाऱ्या जाचाला कंटाळून अंजूरचे गंगाजी नाईक आणि त्यांचे भाऊ पेशव्यांकडे खेटे घालू लागले. त्यात वर्षे गेली. अखेर मार्च १७३७ मध्ये मोहीम सुरू होऊन ठाणे हाती आले आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. अंजूरकर मंडळी विनंती करून घरी बसली नाहीत, मोहिमेत स्वतः उतरली. भाईंदर पश्चिमेला चौकजवळ धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत (मुंबईची धारावी नव्हे!). तिथे उभे राहिले की खाडीपलीकडे वसई दिसते.

गंमत पाहा, जपानला बंदुका पोहोचल्या त्या १५४३ मध्ये, याच पोर्तुगीजांकडून. चित्रपटात सातांपैकी चार सामुराई मरतात. चौघेही गोळीने, तलवारीने एकही नाही.

नातवाला हे सगळे ऐकवून झाले. रात्री मात्र झोप येईना. मनात आले, अंजूरकर वतनदार होते, म्हणून त्यांचे नाव कागदोपत्री राहिले. ज्यांच्या शेतातून फौजा गेल्या, ज्यांची भाताची कणगी रिकामी झाली, ते कुणबी, आगरी, कोळी यांच्यापैकी किती नावे आपल्याला ठाऊक आहेत? तेही थरथरले असतीलच. पस्तीस वर्षे मी वर्गात वसईचा विजय शिकवला, पण हा प्रश्न एकदाही विचारला नाही.

चित्रपटात किकुचियो नावाचा एक सामुराई आहे, मूळचा शेतकऱ्याचाच पोर. शेतकरी लबाड आहेत, भित्रे आहेत, धान्य लपवतात, असे तो कबूल करतो आणि मग सोबत्यांवर उखडतो, की त्यांना असे केले कोणी? तुम्हीच! त्या वेळी मी चहाचा कप शोधत होतो.

असो. निराशा पूर्ण गेली नाही, सनावळीची तक्रार कायम आहे. पण नातवाला सांगितले आहे, रविवारी तेवढा प्रसंग पुन्हा लाव.