बाहेरगावचा पेपर

इंग्लंडमध्ये १९८८ साली जीसीएसई ही नवी शालेय परीक्षा आली आणि जुनी ओ लेव्हल निकालात निघाली. कराचीत, पोर्ट लुईमध्ये, सिंगापुरात मात्र ती पुढेही वर्षानुवर्षं चालू राहिली. ज्यांनी ती परीक्षा काढली त्यांनी ती सोडून दिली आणि ज्यांच्याकडे बोटीने पाठवली होती त्यांनी ती सांभाळली. मस्कतला एका ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत मी परीक्षा विभाग सांभाळत असे, तेव्हा हे मला सारखं कुणाला तरी समजावून सांगावं लागायचं. कारण मराठी पालक असोत की मल्याळी, प्रश्न एकच: "मॅडम, यातली खरी ब्रिटिश परीक्षा कुठली?"

खरी सगळीच. पण परदेशातल्या मुलांना जो पेपर मिळतो तो अंतराने घडवलेला आहे. बोट, टपाल, कुरियर आणि घड्याळ यांनी. इंग्लंडमधल्या मुलाच्या पेपरची ती नक्कल आहे असं समजून निवड करायला गेलं की घोटाळा सुरू होतो.

केंब्रिज विद्यापीठाने शाळांसाठी परीक्षा घ्यायला सुरुवात केली १८५८ साली. १४ डिसेंबरला आठ गावांत मिळून ३७० मुलगे पेपरला बसले. परीक्षक केंब्रिजहून अंगात झगा घालून, प्रश्नपत्रिकांची कुलूपबंद पेटी सोबत घेऊन रेल्वेने गेले. त्या काळच्या इंग्लंडमध्ये शाळांचा काही धरबंध नव्हता. कुणीही पाटी लावावी आणि फी घ्यावी. आपला पोरगा खरंच काही शिकला का, हे बापाला बाहेरच्या कुणीतरी सांगावं यासाठी हा सारा खटाटोप. मुलींना अधिकृत परवानगी मिळाली १८६५ मध्ये. तोवर, १८६० च्याच दशकात, ही पेटी त्रिनिदादलाही पोचली होती. रेल्वेत चढलेली पेटी पुढे बोटीत चढली, एवढाच काय तो फरक, असं तेव्हा वाटलं असणार.

आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ही परीक्षा 'सीनिअर केंब्रिज' म्हणून माहीत असते. देवळालीची बार्न्स, मुंबईची कॅथेड्रल, पाचगणीच्या शाळा इथली मुलं ती देत. गावातला मुलगा मॅट्रिक व्हायचा आणि पाचगणीला ठेवलेला चुलतभाऊ केंब्रिज व्हायचा. स्वातंत्र्यानंतर ही परीक्षा भारतात चालवायला एक भारतीय संस्था असावी असं ठरलं आणि १९५८ मध्ये कौन्सिल स्थापन झालं. आज ज्यांना आपण आयसीएसई आणि आयएससी म्हणतो त्या परीक्षा त्याच कौन्सिलच्या. मुलाला आयसीएसईतून काढून 'केंब्रिज'मध्ये घालणारे पालक पाहिले की मला गंमत वाटते. घराणं एकच, वाडा तेवढा बदलला.

मस्कतच्या स्टाफरूममध्ये आमचे एक गोवेकर सहकारी होते, गणित शिकवायचे. जन्म नैरोबीचा, शिक्षण तिथल्या डॉ. रिबेरो गोवन स्कूलमधलं. वसाहतीच्या काळात केनियात गोऱ्यांच्या शाळा वेगळ्या, आशियाई मुलांच्या वेगळ्या, आफ्रिकन मुलांच्या वेगळ्या, आणि गोवेकरांची त्यातही स्वतंत्र. मॅट्रिकच्या टप्प्यावर पेपर मात्र सगळ्यांपुढे केंब्रिजचाच येई. त्यांनी आपलं १९६२ चं केंब्रिजचं स्कूल सर्टिफिकेट एकदा आणून दाखवलं होतं. जाड कागद, घडीवर पिवळा पडलेला. गणितात १, इंग्रजीत ३, इतिहासात ७. त्या पद्धतीत १ आणि २ म्हणजे उत्तम, ३ ते ६ क्रेडिट, ७ आणि ८ जेमतेम पास आणि ९ म्हणजे नापास. शिवाय सर्टिफिकेट अख्खं मिळायचं, विषयवार नाही. इंग्रजी भाषेत गेलात की बाकीचे सहा विषय उत्तम असूनही हाती काहीच नाही. "आमच्या वर्गात एकाला गणितात १ होता आणि तो घरी बसला," असं ते सांगायचे तेव्हा त्यांचा आवाज अजून चढायचा.

इंग्लंडने ही 'सगळं किंवा काहीच नाही'ची पद्धत १९५१ मध्ये मोडली. ओ लेव्हल आणि ए लेव्हल आल्या, ज्या विषयात पास व्हाल त्याचं प्रमाणपत्र मिळू लागलं. वसाहतींत मात्र अख्खं सर्टिफिकेट पुढेही टिकलं. यात शिक्षणापेक्षा नोकरभरतीचा हात जास्त असावा असं मला वाटतं. कारकून निवडणाऱ्या साहेबाला एक कागद, त्यावर फर्स्ट डिव्हिजन की सेकंड, एवढंच पुरे होतं. मॉरिशसमध्ये तर स्कूल सर्टिफिकेट हे नाव स्वातंत्र्यानंतरही कायम राहिलं. आपल्या मराठी वंशाच्या लोकांची तिथे कितवी तरी पिढी आहे. त्यांच्या घरात हायर स्कूल सर्टिफिकेटचा निकाल आणि 'लॉरिएट'ची सरकारी शिष्यवृत्ती यांची जी धाकधूक असते, ती आपल्या बारावीच्या घरांना सांगायला नको.

आता १९८८. जीसीएसईमध्ये कोर्सवर्कला मोठं वजन दिलं गेलं. मुलाने वर्षभर लिहिलेले निबंध, केलेले प्रकल्प शिक्षक तपासणार, मग बाहेरचा तपासनीस त्यातले काही पाहून शिक्षक फार सढळ तर नाही ना, ते ठरवणार. इंग्रजीत तर सुरुवातीला निव्वळ कोर्सवर्कवर ग्रेड मिळण्याची सोय होती. लीड्समध्ये हे जमतं. जकार्ता, लागोस, मस्कत इथे तपासनीस कसा पोचणार आणि कुणी कुणाला काय लिहून दिलं हे कसं कळणार? म्हणून केंब्रिजने त्याच वर्षी 'आंतरराष्ट्रीय' जीसीएसई वेगळी काढली. कोर्सवर्क ऐच्छिक, भर लेखी पेपरवर. आज पालक ज्यावरून रात्र रात्र चर्चा करतात तो 'आय' या व्यावहारिक अडचणीतून आला आहे.

विज्ञानाच्या पेपरांत हे अंतर अजून स्वच्छ दिसतं. आयजीसीएसईच्या रसायनशास्त्रात प्रयोग तपासायचे दोन मार्ग. पेपर ५ म्हणजे प्रत्यक्ष प्रयोग, पेपर ६ म्हणजे प्रयोगशाळा नसलेल्यांसाठी कागदावरचा प्रयोग, चित्रातल्या ब्युरेटवरचा आकडा वाचायचा. पेपर ५ साठी शिक्षकाला आधी गोपनीय सूचना येतात. कुठलं द्रावण किती तीव्रतेचं करायचं, कुठल्या बाटलीला काय चिठ्ठी लावायची. मग मुलांसारखंच टायट्रेशन शिक्षकालाही करावं लागतं आणि त्याचे आकडे उत्तरपत्रिकांबरोबर केंब्रिजला जातात. कारण द्रावण बनवलंय मस्कतमध्ये आणि तपासणारा बसलाय इंग्लंडात. आमच्या रसायनच्या बाई कॅल्क्युलेटर आणि फडकं घेऊन तीन-तीनदा टायट्रेशन करायच्या, मुलांपेक्षा जास्त घाबरून.

घड्याळाचंही तसंच. सकाळी सिंगापुरात लिहिलेला पेपर दुपारपर्यंत फोनवरून जगभर फिरू शकतो. म्हणून जगाचे विभाग पाडलेले असतात, विभागवार प्रश्नपत्रिका वेगळ्या असतात आणि ठरलेल्या ग्रीनिच वेळेला प्रत्येक परीक्षार्थी एक तर पेपर लिहीत असला पाहिजे नाहीतर शाळेच्या नजरेखाली. पेपर संपल्यावर पाऊण तास वर्गात बसवून ठेवलेल्या सोळा वर्षांच्या पोरांना हे पटवून देणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम होतं.

पुढे गाडी उलटी फिरली. इंग्लंडातल्या महागड्या खासगी शाळांना जीसीएसई पातळ वाटू लागली आणि बाहेरगावासाठी काढलेली आयजीसीएसई त्यांनी घरात घेतली. २०१० मध्ये सरकारी शाळांनाही परवानगी मिळाली. मग सरकारने जीसीएसईच बदलली. नव्या परीक्षा २०१७ पासून. कोर्सवर्क बहुतेक विषयांतून गेलं, शेवटी लेखी पेपर, अक्षरांऐवजी ९ ते १ आकडे. बाहेरच्या परीक्षेसारखी झाली म्हणायला हरकत नाही. त्यानंतर शाळांच्या सरकारी गुणतक्त्यातून आयजीसीएसई बाद झाली, त्यामुळे सरकारी शाळांनी ती सोडली आणि खासगी शाळांना त्याची फिकीर नव्हती. नव्या पद्धतीत ९ म्हणजे सर्वोत्तम. आमच्या गोवेकर सरांनी हे ऐकलं तेव्हा त्यांचा विश्वासच बसेना.

मग निवडायचं काय? दोन-तीन वर्षांत कुटुंब इंग्लंडला जाणार असेल आणि मूल नववी-दहावीच्या मध्येच तिथल्या शाळेत पडणार असेल, तर तिथला अभ्यासक्रम आधी पाहावा. जीसीएसईच्या इतिहासात किमान ४० टक्के भाग ब्रिटनचाच असतो, इंग्रजी साहित्यात शेक्सपिअर सुटत नाही. आयजीसीएसईत ही सक्ती नाही. विद्यापीठं दोन्ही धरतात. इंग्रजीकडे मात्र नीट लक्ष द्यावं. 'फर्स्ट लँग्वेज' आणि 'सेकंड लँग्वेज' असे दोन वेगळे विषय आहेत. मूल मराठी घरातलं म्हणून शाळा त्याला सहज दुसऱ्यात टाकते, आणि काही विद्यापीठांना प्रवेशाच्या वेळी ते पुरत नाही. यावर भांडायला हरकत नाही, मी स्वतः पालकांच्या बाजूने भांडले आहे.

आणि पुण्या-मुंबईला परतायचं असेल तर परीक्षेच्या नावापेक्षा महिना महत्त्वाचा. मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, तोवर इथल्या अकरावीच्या प्रवेशफेऱ्यांची धांदल उरकत आलेली असते. म्हणून केंब्रिजने भारतातल्या शाळांसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये वेगळी परीक्षा सुरू केली, तिचा निकाल मे महिन्यात येतो. नाव केंब्रिजचं, प्रमाणपत्र केंब्रिजचं, पण लंडनमधल्या मुलाला ही मार्चची परीक्षा देता येत नाही.