आधी रेघ की आधी अक्षर?

जहराहून आज थोडं लिपीविषयी.

परवा शुक्रवारी लेकीला 'क' गिरवायला बसवलं. तिने आधी आडवी रेघ मारली, मग खाली अक्षर लटकवलं. मी ओरडलो, "अगं, रेघ शेवटी!" आणि जीभ चावली. मोडी अशीच लिहीत. बोरूने कागदभर रेघा आधी आखून घ्यायच्या, मग त्यांच्याखाली शक्यतो हात न उचलता अक्षरं ओढत जायचं. कारकुनाला वेग हवा! म्हणून वळणं गोल झाली, ऱ्हस्व-दीर्घ गेलं, दोन शब्दांमधली जागाही गेली. चिनी मुलं रेघांचा क्रम घोकतात, तसाच हाही हाताचा धडा. १९५०च्या दशकात तो आपल्या शाळांतून गेला.

आजोबांचा शेताचा एक मोडी कागद आमच्या घरी आहे. बाबांना वाचता येत नाही, मलाही नाही. २०१४ साली मोडी युनिकोडमध्ये आली, माझ्या धंद्याच्या दृष्टीने मोठीच गोष्ट. पण हाताची चाल कळल्याशिवाय ती गुंतलेली अक्षरं सुटत नाहीत. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतं. सुट्टीत चौकशी करणार आहे. कागद बॅगेत ठेवलाय.